आई मोरीत घसरली, मनगट मोडलं, प्लॅस्टर झालं... पुढे काय?

मागच्या वेळी गुडघेदुखीवर लिहिताना ऑस्टिओपोरोसिसबद्दल जेमतेम दोन ओळी टाकल्या होत्या, आणि पत्रं आली ती सगळी त्या दोन ओळींवरच. त्यातल्या निम्म्या जणांनी दोन आजारांची गल्लत केलीय, म्हणून आधी तेवढं उरकून घेतो. गुडघा दुखतो, वाजतो, जिना उतरताना जीव काढतो ते सांध्यातली कूर्चा झिजल्यामुळे. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडच आतून विरळ होतं आणि ते अजिबात दुखत नाही, मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणजे "माझे गुडघे दुखतात, मला ऑस्टिओपोरोसिस असेल" हे बरोबर नाही आणि "माझं काहीच दुखत नाही, म्हणजे मला नाही" हे तर त्याहून चूक. आता पत्रं. नावं गाळलीयत.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, आम्ही गिरगावात चाळीत राहतो. पावसाळ्यात मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट गेलं. दीड महिना प्लॅस्टर होतं, आता काढलं, हाड छान जुळलंय म्हणाले, कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्यात. आता काळजी मिटली ना?

नाही मिटली ताई, आणि हे स्पष्ट सांगतोय कारण आपल्याकडे नव्वद टक्के गोष्ट इथेच संपते. प्लॅस्टर निघतं, हात फिरायला लागतो, घरातले सुटकेचा श्वास टाकतात आणि "हाड का मोडलं?" हा प्रश्न कोणी विचारतच नाही. मोरीत घसरली म्हणून मोडलं, असं सगळे म्हणतात. अहो पण उभ्या उंचीवरून पडल्यावर चांगलं हाड मोडायला नको. पोरं दिवसातून चार वेळा पडतात. पन्नाशीनंतर एवढ्याशा पडण्याने मनगट, खुबा, खांदा किंवा मणका मोडला तर हाड कमकुवत आहे असंच धरून तपास करायचा असतो, आणि एकदा असं हाड मोडलं की पुढचं मोडायची शक्यता साधारण दुप्पट होते. मनगट बहुतेकदा पहिलं जातं, खुबा नंतर येतो, आणि खुब्याचं प्रकरण प्लॅस्टरवर भागत नाही, ऑपरेशन लागतं, तेही शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत.

होतं काय ते सांगतो. हाड म्हणजे एकदा बांधून ठेवलेली वस्तू नाही, शरीरात जुनं हाड काढायचं आणि नवं भरायचं काम आयुष्यभर चालू असतं. तिशीपर्यंत भरती जास्त, मग थोडा काळ बरोबरी. बायकांची पाळी गेली की इस्ट्रोजेन घसरतं आणि मग मुंबईतल्या रिडेव्हलपमेंटसारखं होतं, पाडणारा कंत्राटदार वेळेच्या आधी हजर आणि बांधणाऱ्याचा पत्ता नाही. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं वीस टक्क्यांपर्यंत हाड कमी होऊ शकतं. आईची पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल किंवा गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं असेल तर हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.

तर आता करायचं काय. मणका आणि खुबा दोन्हींचा डेक्सा स्कॅन (हाड किती भरीव आहे ते मोजणारा) करून घ्या, झोपून करायचा असतो, दहा-पंधरा मिनिटं लागतात, एक्स-रेपेक्षाही कमी रेडिएशन असतं. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि सीबीसी-ईएसआर. एवढ्या तपासण्या कशाला असं वाटेल, पण थायरॉइडची गोळी जास्त होणं, पॅराथायरॉइड या गळ्यातल्या छोट्या ग्रंथीची गाठ, कधीकधी रक्ताचा मायलोमासारखा आजारसुद्धा हाडं पोखरतो आणि ते सापडलं नाही तर हाडाची औषधं देऊन काय उपयोग. आणि एक फुकटातली तपासणी, आईला भिंतीला टेकून उभं करा, उंची मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे सांगा, कारण दबलेल्या मणक्यांपैकी बरेचसे कोणाला न कळताच दबतात. "वयाने पोक आलंय" म्हणून आपण सोडून देतो ते खूपदा दबलेले मणके असतात.

मोरीचं पण बघा. उंबरठा उंच असेल तर धरायला भिंतीत पक्का दांडा बसवा (सक्शनवाले नको, ते ऐन वेळी हातात येतात), फरशीवर साबणाचा थर राहू देऊ नका, रात्री लाइट चालू ठेवा, आणि पायपुसणं घसरणारं असेल तर आजच फेकून द्या. गाउन घोट्याच्या वर हवा. झोपेची गोळी किंवा बीपीची गोळी चालू असेल आणि उठल्यावर गरगरत असेल तर तेही पडण्याचं कारण असतं, डॉक्टरांना विचारून बदलता येतं.

प्रश्न : सोसायटीत फुकट हाडं-तपासणी शिबिर होतं. टाच मशीनमध्ये ठेवली, उणे २.९ आलं, ऑस्टिओपोरोसिस आहे म्हणाले आणि लगेच पावडरचे तीन डबे हातात दिले, फुकट नव्हते. मी ५४ वर्षांची. (बोरिवली)

डबे घेतलेत ते घेतलेत, पण त्या आकड्यावर अजून विश्वास ठेवू नका. टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडचं असतं, त्यावरून "पुढे तपासा" एवढंच म्हणता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली जी मापं आहेत, म्हणजे टी-स्कोर उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया (म्हणजे हाड थोडं विरळ), उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, ती डेक्साच्या आकड्यांसाठी आहेत, टाचेच्या मशीनला लावायची नाहीत. टी-स्कोर म्हणजे तुमचं हाड तरुण निरोगी माणसाच्या हाडाच्या तुलनेत किती खाली आहे. रिपोर्टवर शेजारी झेड-स्कोर असतो, तो तुमच्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो, तो बघून घाबरूही नका आणि खूशही होऊ नका.

आकडा म्हणजे सगळं नाही हेही खरं. ऑस्टिओपेनियावाल्यांचीही हाडं मोडतात, किंबहुना संख्येने त्यांचीच जास्त, कारण ते लोकच जास्त आहेत. म्हणून फ्रॅक्स नावाचं गणित वापरतात, शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेलं, त्यात वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड, तंबाखू, दारू हे सगळं घालून पुढच्या दहा वर्षांतली शक्यता निघते आणि त्यात भारतासाठी वेगळा पर्याय आहे. तंबाखू म्हटलं की आपल्या बायका "आम्ही नाही बाई" म्हणतात आणि रोज सकाळी मिश्री लावतात. मिश्री तंबाखूच आहे काकू.

अजून एक बारीक गोष्ट, साठीनंतर मणक्यात हाड वाढलेलं असतं त्यामुळे डेक्सात मणक्याचा आकडा खोटाच चांगला दिसू शकतो, अशा वेळी खुब्याचा बघायचा. आणि पुढचा स्कॅन एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच सेंटरला त्याच मशीनवर, नाहीतर मशीनचाच फरक आपण हाडाचा समजतो.

प्रश्न : बाबा गेली कित्येक वर्षं रोज पहाटे सहाला शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारतात. कोवळं ऊन घेतात. तरी व्हिटॅमिन डी ९ कसं आलं? लॅब चुकली का?

लॅब बरोबर असणार. कोवळ्या उन्हाबद्दल आपली सगळ्यांची समजूत पक्की आहे पण सूर्य तिरका असताना ज्या किरणांमुळे कातडीत डी तयार होतं ती जवळजवळ पोचतच नाहीत. साधा नियम, तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड पडत असेल तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे आपल्याकडे साधारण अकरा ते तीन. आता मुंबईत अकरा ते तीन उन्हात कोण उभं राहणार हा प्रश्न आहेच, आणि चार महिने ढग, दोन बिल्डिंगच्या मध्ये ऊन दिसत नाही, गच्चीला कुलूप. बंद काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन ऊब देतं, डी देत नाही. सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. जमलं तर हात-पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं, नाही जमलं तर औषध घ्या, त्यात कमीपणा नाही. फेऱ्या मात्र बंद करू नका, त्या हाडांसाठी आणि तोलासाठी आहेतच.

९ म्हणजे चांगलंच कमी, २० च्या खाली कमतरता धरतात. साधारणपणे ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग महिन्याला एक असं देतात. आठवड्यातून एकदा, हे परत लिहितो, कारण हे पाकीट रोज घेणारे पेशंट येतात, चिठ्ठी नीट वाचलेली नसते किंवा केमिस्टने घाईत सांगितलेलं असतं, आणि मग रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रमिष्टपणा, किडनीवर परिणाम. दूध किंवा जेवणासोबत घ्या, थोडी स्निग्धता असली की नीट शोषलं जातं.

प्रश्न : मला आठवड्यातून एकदा घ्यायची हाडाची गोळी, अॅलेंड्रोनेट ७०, दिली आहे. व्हॉट्सअॅपवर वाचलं की या गोळीने जबडा सडतो आणि मांडीचं हाड मोडतं. दोन गोळ्या घेऊन बंद केल्या. वय ६३, टी-स्कोर उणे ३.१, मणका दबलाय. (मुलुंड)

फॉरवर्डमध्ये खोटं काहीच नाही, फक्त किती लोकांना होतं ते लिहिलेलं नाही. जबड्याचा त्रास मुख्यतः कॅन्सरसाठी याच जातकुळीची औषधं मोठ्या डोसात घेणाऱ्यांना होतो, तुमच्या डोसात तो फार दुर्मीळ. मांडीच्या हाडाचं वेगळ्या प्रकारचं फ्रॅक्चर होतं हेही खरं, तेही दुर्मीळ आणि बहुतेकदा बरीच वर्षं सलग औषध घेतल्यावर, म्हणून तर पाच वर्षांनी थांबून फेरविचार करतात आणि धोका कमी झाला असेल तर औषधाला सुट्टी देतात. आता दुसऱ्या बाजूला ठेवा तुमचा दबलेला मणका. एक दबला की पुढच्या वर्षभरात दुसरा दबण्याची भीती सगळ्यात जास्त असते. हे दोन धोके एका पारड्यात बसणारे नाहीतच. गोळी परत सुरू करायची, मात्र डॉक्टरांशी बोलून.

दात दाखवून घ्या आधी. एखादा काढायचा असेल, हिरड्या सुजल्या असतील तर ते काम उरकून मग औषध सुरू केलेलं बरं, आणि पुढे कधीही डेंटिस्टकडे गेलात की हे औषध चालू आहे असं खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं. मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखत राहिलं तर थांबू नका, दाखवा.

गोळी घ्यायची पद्धत मात्र कडक आहे आणि निम्मे लोक ती मोडतात. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही, चघळायची नाही. नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, बसा नाहीतर उभं राहा. झोपलात तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, आणि चहाबरोबर घेतलीत तर पोटात जाऊनही उपयोग शून्य, कारण तशीही फार थोडी शोषली जाते. वार ठरवून टाका. अॅसिडिटीचा जुना त्रास असेल, अर्धा तास बसवतच नसेल, तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक अॅसिड आहे. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते, पॅरासिटामॉल घेऊन जाते. त्याआधी किडनीची तपासणी हवी आणि डी, कॅल्शियम भरून काढलेलं हवं.

प्रश्न : सासूबाईंना हाडांसाठी दर सहा महिन्यांनी पोटावर डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं. ऑगस्टमध्ये घ्यायचं होतं, पण गणपतीला देवगडला गेलो, मग तिथेच राहिल्या, आता दिवाळी आली. त्या म्हणतात बरं वाटतंय, आता नकोच. चालेल का?

नाही चालणार, हे पत्र वाचून आजच फोन करा डॉक्टरांना. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिकसारखी औषधं हाडात मुरून राहतात, महिना इकडेतिकडे झाला तरी चालतं. डेनोसुमॅबचं तसं नाही, त्याचा परिणाम सहा महिन्यांनी उतरतो आणि मग दाबून ठेवलेली झीज दुप्पट जोराने सुरू होते, काही जणांचे तर एकापाठोपाठ एक असे दोन-तीन मणके दबतात. सातव्या महिन्याच्या पुढे उशीर नकोच. कायमचं बंद करायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध, बहुतेकदा झोलेड्रोनिक, देऊनच बंद करतात. मध्ये पाठीत अचानक कळ आली होती का तेही सासूबाईंना विचारा. आणि बरं वाटतंय म्हणजे काय, या आजारात वाईट कधी वाटतच नव्हतं ना. पुढची तारीख चतुर्थीच्या आसपास येत असेल तर निघायच्या आधी टोचून घेता येईल का ते विचारून ठेवा, कोकणात गेल्यावर परत यायची घाई कोणालाच नसते, मलाही नसते.

प्रश्न : हा बायकांचा आजार ना? मी ६६ वर्षांचा पुरुष, दम्यासाठी अधूनमधून प्रेडनिसोलोन घेतो, त्याने लगेच बरं वाटतं म्हणून केमिस्टकडून आणून ठेवतो. (लालबाग)

काका, पुरुषांनाही होतो, उशिरा होतो आणि खुबा मोडल्यावर पुरुषांचे हाल जास्त होतात. स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिने किंवा जास्त पोटात गेल्या की हाड झपाट्याने उतरतं, पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात जास्त, आणि "अधूनमधून" जोडत गेलात तर वर्षाचे तीन महिने कधी होतात कळत नाही. केमिस्टकडून परस्पर आणणं बंद करा, पण रोज घेत असाल तर एकदम तोडूही नका, तेही धोक्याचं. दम्यासाठी रोजचा पंप नीट घेतला तर गोळ्यांची वेळ कमी येते, आणि पंपाची लोक उगाच धास्ती घेतात, त्यातलं औषध गोळीच्या मानाने अगदी थोडं असतं. डेक्सा तुम्हालाही हवा.

प्रश्न : दूध पचत नाही, गोळ्यांनी पोट गच्च होतं. कॅल्शियम कुठून आणू?

दिवसाला १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बायकांना १२०० असा हिशेब धरा. आपल्या जेवणातून चारशे-पाचशे सहज येतं, वरचं जुळवायचं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन भाकऱ्या किंवा आंबील. दूध पचत नाही त्यातल्या बऱ्याच जणांना दही, ताक चालतं. तीळ कुटून चटणीत घाला, मोठा चमचाभर न सोललेल्या तिळात ऐंशी-नव्वद येतं. राजगिऱ्याची पालेभाजी, शेवग्याचा पाला. पालक कॅल्शियमसाठी खाऊ नका, त्यातलं ऑक्झलेट ते बांधून ठेवतं, अंगी लागत नाही. मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट खाता येतात असे छोटे मासे खावे, मांदेली, मोतके, सुकट. सुक्या मासळीतलं मीठ मात्र बीपीवाल्यांनी धुऊन घ्यावं. आणि डाळ, अंडी, उसळी सोडू नका, नुसत्या कॅल्शियमने हाड होत नाही, प्रोटीन लागतं, आमच्या उपासवाल्या काकूंना हे कितीदा सांगितलं तरी पटत नाही.

गोळी घ्यावीच लागली तर एका वेळी पाचशेच्या वर नको, कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर, पोट धरत असेल किंवा अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट मागा. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, लोहाच्या गोळीबरोबर नाही. मुतखडा झाला असेल तर डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : मणका दबलाय. सूर्यनमस्कार रोज बारा घालायचे, आता बंद का? आणि बसने, लोकलने जाऊ ना? (विलेपार्ले)

सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं आता नको. पश्चिमोत्तानासन, हलासन, पाय सरळ ठेवून अंगठे धरणं, झटक्याने कमरेत पिळणं, यात मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तोच भाग कमकुवत आहे. बाकी योग सोडायची गरज नाही, ताडासन, भिंतीला धरून वृक्षासन, पालथं झोपून छाती थोडीशीच उचलणं हे चालतं, पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टसमोर करा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, रोजचं चालणं, रबरी पट्टा ओढणं. पोहायला आवडत असेल तर पोहा, पण हाडावर भार पडत नाही त्यात, म्हणून चालणं वेगळं हवंच. खालची वस्तू उचलायची तर गुडघ्यात वाका, पाण्याने भरलेली बादली तर उचलूच नका, तांब्या-तांब्याने भरा. मालिशवाल्याकडून किंवा हाडवैद्याकडून पाठ "मोकळी" करून घ्यायची नाही.

लोकल गर्दीची वेळ टाळून, आणि गाडी थांबेपर्यंत दारात जायचं नाही, पार्ल्याला उतरायचं राहून अंधेरीला पोचलात तरी चालेल, परतीची गाडी मिळते. बसमध्ये मागच्या सीटवर बसू नका, स्पीडब्रेकरचा सगळा धक्का तिथे बसतो आणि नुसत्या त्या एका उडण्याने मणका दबलेले पेशंट असतात. पुढे किंवा मधे बसा, सीट मागून घ्यायला लाजू नका. रिक्षावाल्याला आधीच सांगा, खड्ड्यातून हळू घे. आणि अशा धक्क्यानंतर पाठीत मध्यभागी कळ आली, उठता-बसता वाढतेय, आडवं झाल्यावर कमी होतेय असं वाटलं तर बाम चोळत आठवडा काढू नका, दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून घ्या.